राहू द्या, पुढे बघतो

२०१८ च्या दिवाळीत आत्याकडे जमलो होतो तेव्हा फराळाच्या ताटांवर एकच विषय, एअरबस की बोईंग. आत्तेभावाच्या हातात कमर्शियल पायलटचं लायसन आलेलं, पण नुसत्या लायसनवर कोणी नोकरी देत नाही, आधी एका ठरावीक विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे तेच विमान उडवायची वेगळी परवानगी, लागतं आणि आपल्याकडे बरीच पोरं ते स्वतःच्या खिशातून करतात. वीस लाखांच्या आसपास खर्च, कर्ज काढून. आणि एकदा एअरबसच्या ए३२० चं केलं की बोईंगच्या ७३७ ला हात लावता येत नाही, ७३७ चं केलं की ए३२० ला. काका बँकेतून रिटायर झालेले, त्यांनी वहीच्या पानावर दोन कॉलम पाडले होते, कुठल्या कंपनीकडे कुठलं विमान, कोण भरती करतंय, कोण करणार आहे. दहावीनंतर सायन्स की कॉमर्स यावर जेवढी चर्चा झाली नव्हती तेवढी त्या दोन दिवसांत झाली. शेवटी ७३७ ठरलं.

मार्च २०१९ मध्ये ७३७ चं नवं रूप, ७३७ मॅक्स, दोन अपघातांनंतर जगभर उडायचं थांबवलं गेलं, एप्रिलमध्ये ७३७ उडवणारी देशातली एक मोठी कंपनी बंद पडली, आणि हजारो तास उडवलेले ७३७ चे पायलट नोकरीसाठी रांगेत उभे राहिले. त्या रांगेत आमचा दोनशे तासांचा पोरगा कुठे बसणार. दीड वर्ष घरी, मग दुसरं कर्ज, ए३२० चं रेटिंग.

हे सगळं सांगायचं कारण, एखादी एअरलाइन बोईंग सोडून एअरबस घेते किंवा उलटं करते तेव्हा बातमीखाली लगेच सुरू होतं, हे विमान भारी, ते विमान धोक्याचं, ह्यांनी शहाणपणा केला, त्यांनी माती खाल्ली. माझं म्हणणं असं की दोन-तीन तासांच्या फ्लाइटसाठी लागणाऱ्या विमानात कोणतं चांगलं हा प्रश्न बहुतेक वेळा मुद्द्याचाच नसतो. विमानाची कंपनी बदलली जाते ती विकणाऱ्याला आपण गृहीत धरलेलं गिऱ्हाईक नाही हे दाखवायला. मंडईत आपली आई काय करायची, भाव ऐकायची, पिशवी उचलायची, "राहू द्या, पुढे बघते" म्हणायची, चार पावलं चालायची, मागून हाक यायची. पण ती हाक येते कारण भाजीवाल्याला माहीत असतं की ही बाई गेल्या महिन्यात खरंच पुढच्या गाडीवर गेली होती. जी कधीच जात नाही तिला कोण हाक मारतंय.

आता विमानांकडे बघा. ७३७ पहिल्यांदा उडालं १९६७ मध्ये, ए३२० १९८७ मध्ये, मधे वीस वर्षं. ए३२० ची केबिन साधारण १५-१६ सेंटीमीटरने रुंद आहे, मधल्या सीटवरच्या माणसाला ते जाणवतं, बाकीच्यांना तिकिटाचा भाव जाणवतो. ७३७ जमिनीला टेकल्यासारखं बसकं, कारण ते काढलं तेव्हा लहान विमानतळांवर सामान हाताने चढवता यावं असा विचार होता. पुढे इंजिनं मोठी होत गेली आणि खाली जागाच उरली नाही. पुढच्या वेळी गेटच्या काचेतून बघा, ७३७ च्या इंजिनाचं तोंड गोल नसतं, खालून जरा चपटं असतं, कोणीतरी बुक्की मारल्यासारखं. आणि टेकऑफ घेताना खाली उभं राहून बघितलंत तर मागची चाकं पोटात गेल्यावरही बाहेरून दिसतात, त्यांना झाकणच नाही. हाच बसकेपणा पुढे मॅक्समध्ये महागात पडला, एकाच घराण्यातलं लीप इंजिन, पण एअरबसवर पंख्याचा व्यास ७८ इंच आणि मॅक्सवर ६९, आणि पंखा मोठा तर इंधन कमी. तरी पण दोघांच्या इंधनाचा हिशोब कोणी प्रामाणिकपणे मांडला तर फरक इतका थोडा निघतो की एकाने किमतीत थोडी सूट दिली की तो पुसला जातो. आणि सूट किती असते, लिस्ट प्राइसच्या निम्म्याच्याही खाली भाव जातो असं या धंद्यातली माणसं उघड बोलतात. मग कोणतं चांगलं यावर भांडून काय उपयोग.

दुसऱ्या बाजूचा मुद्दा मला मान्य आहे आणि तो काही साधा नाही. सगळा ताफा एकाच जातीचा असला की स्वस्त पडतो, हा साउथवेस्टने घालून दिलेला धडा, जन्मापासून ७३७ वर चाललेली अमेरिकेतली स्वस्त कंपनी. आपल्या एसटीचंच घ्या, आगारात लेलँड पण असते, टाटा पण असते, ड्रायव्हर सकाळी एक नेतो, संध्याकाळी दुसरी, मेकॅनिक दोन्ही उघडतो. विमानात तसं चालत नाही. एका विमानामागे साधारण दहा-बारा पायलट लागतात, म्हणजे शंभर विमानं बदलायची तर हजारभर पायलटांना पुन्हा शाळेत बसवायचं, बोईंगमध्ये समोर मोठा दांडा, एअरबसमध्ये बाजूला जॉयस्टिकसारखी साइडस्टिक, सवयी मोडायच्या. वर सिम्युलेटर वेगळे, मेकॅनिकची लायसनं वेगळी, स्पेअर पार्ट वेगळे, राखीव इंजिनं वेगळी. आणि बदलाच्या सात-आठ वर्षांत दोन्ही जाती एकदम सांभाळायच्या, म्हणजे रात्री एक विमान बिघडलं आणि शेजारी दुसरं मोकळं उभं असलं तरी पायलट चुकीच्या जातीचे. तीस विमानांच्या कंपनीने या भानगडीत पडूच नये, हे मीही म्हणेन.

पण हा धडा लोक अर्धाच वाचतात. एकच जात ठेवून रोजच्या खर्चात जे वाचतं ते खरेदीच्या टेबलावर जाऊ शकतं, कारण समोरच्याला तुमचा हिशोब तुमच्याइतकाच माहीत असतो. त्याला माहीत असतं की सोडून जायला तुम्हाला इतके कोटी लागतील, मग तो तेवढे कोटी आपल्या भावात ठेवतो. ही तर साधी वाण्याची अक्कल आहे.

२००२ साल मला यासाठी फार आवडतं. अमेरिकेतल्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर मोठ्या एअरलाइन्स ऑर्डरी रद्द करत होत्या, दोन्ही कारखान्यांत काम कमी. अशा वेळी युरोपातल्या दोन स्वस्त कंपन्या बाजारात उतरल्या. रायनएअरने जानेवारीत बोईंगकडून १०० ७३७-८०० घेतली, भाव पाडून. इझीजेट पण तेव्हा पूर्ण ७३७ वाली, नुकतीच तिने गो नावाची दुसरी कंपनी घेतलेली, तीही ७३७ वाली, म्हणजे कोणालाही विचारा, बोईंगच मिळणार. ऑक्टोबरमध्ये इझीजेटने सांगितलं, १२० ए३१९, म्हणजे ए३२० चंच धाकटं भावंड, एअरबस. बोईंगवाल्यांना धक्का बसला. एअरबसने भाव तर पाडलाच, शिवाय इझीजेटसाठी पंखावर प्रत्येक बाजूला दोन-दोन इमर्जन्सी दारं असलेलं ए३१९ बनवलं, म्हणजे नियमात बसून १५६ सीटा टाकता आल्या, त्यांच्या ७३७-७०० मध्ये १४९ होत्या. सात सीटा म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण दिवसाला सहा-सात फेऱ्या, वर्षाचे साडेतीनशे दिवस, गुणून बघा. २०११ पर्यंत इझीजेटच्या ताफ्यातून शेवटचं ७३७ गेलं.

आता मजा बघा, २००२ या एकाच वर्षी एक कंपनी बोईंगकडे राहिली आणि एक गेली, आणि दोघींनीही स्वस्तात माल नेला. म्हणजे खरा फरक राहण्या-जाण्यात नव्हताच, दोघी अशा वेळी बाजारात गेल्या जेव्हा विकणारा घाबरलेला होता, आणि दोघींबद्दल त्याला खात्री नव्हती. कोणी म्हणेल की रायनएअर तर बोईंगशी इतकी वर्षं एकनिष्ठ आहे, तरी स्वस्तात घेते, मग तुमचं म्हणणं कुठे टिकलं. पण रायनएअरची निष्ठा जरा जवळून बघा. २००९ च्या डिसेंबरात बोलणी फिसकटली तेव्हा उठून गेली. २०११ मध्ये चीनच्या कोमॅकबरोबर त्यांच्या सी९१९ विमानासाठी करार करून फोटो काढले, तेव्हा ते विमान उडायला अजून सहा वर्षं होती. २०२१ च्या सप्टेंबरात मॅक्समधल्या सगळ्यात मोठ्या मॅक्स १० च्या किमतीवरून पुन्हा टेबल सोडलं, आणि मे २०२३ मध्ये परत येऊन ३०० ची ऑर्डर दिली, १५० पक्की आणि १५० ऑप्शन, म्हणजे हवी तर पुढे घ्यायची. ही निष्ठा म्हणजे दरवेळी दारापर्यंत जाऊन चपला घालून परत येणाऱ्या पाहुण्याची. त्यांना ते जमतं कारण त्यांचा आवाज मोठा आणि ऑर्डर त्याहून मोठी, प्रत्येकाला जमणार नाही.

उलट ज्यांनी खरंच कधी सोडलं नाही त्यांचं काय झालं ते बघा, आणि इथे मला थांबावंसं वाटतं, कारण या विषयातली सगळ्यात गंभीर गोष्ट हीच आहे. अमेरिकन एअरलाइन्सने नव्वदच्या दशकात बोईंगशी वीस वर्षांचा करार केला होता, आम्ही फक्त तुमच्याकडूनच घेऊ. बोईंग आणि मॅकडॉनल डग्लस या दुसऱ्या अमेरिकन विमान कंपनीच्या विलीनीकरणाला परवानगी देताना युरोपियन कमिशनने ती अट कागदावरून काढायला लावली, पण मनातून ती गेलेली नव्हती. जुलै २०११ मध्ये याच अमेरिकनने २६० एअरबस आणि २०० बोईंग अशी ऑर्डर दिली. तोपर्यंत बोईंगचं ठरत नव्हतं, पूर्ण नवं विमान काढायचं की जुन्यालाच नवं इंजिन लावायचं. गृहीत धरलेलं गिऱ्हाईक अर्ध्याहून जास्त सामान दुसऱ्या दुकानातून घेऊन गेल्यावर महिन्या-दीड महिन्यात मॅक्स जाहीर झालं. म्हणजे गिऱ्हाईक हलल्याशिवाय दुकानदार हललाच नाही. आणि घाईत हलला तेव्हा कसा हलला, तर साउथवेस्टसारख्या एकनिष्ठ गिऱ्हाइकाला वचन दिलं की मॅक्ससाठी पायलटांना पुन्हा सिम्युलेटरमध्ये बसवावं लागलं तर दर विमानामागे १० लाख डॉलर परत करू. बदलायला लागू नये हाच मालाचा सगळ्यात मोठा गुण होऊन बसला. मग विमान असं दाखवायचं की जणू जुनंच आहे, आणि त्या दाखवण्यात एमकॅस नावाची, विमानाचं नाक आपोआप खाली दाबणारी प्रणाली पायलटांच्या मॅन्युअलमधूनच गाळली गेली. ऑक्टोबर २०१८ मध्ये लायन एअरचे १८९ आणि मार्च २०१९ मध्ये इथिओपियनचे १५७ लोक गेले. सगळा दोष एकजातीच्या ताफ्यावर टाकणं चूक ठरेल, दोष बोईंगचा आणि ज्यांनी सही केली त्यांचाच. पण बदलायचा खर्च वाचवा या एका हट्टाने विमान कसं असावं हे ठरायला लागलं, एवढं तर दिसतंच.

आता एक रास्त कारणही सांगतो, नाहीतर वाटेल मी सगळंच घासाघिशीवर आणून ठेवतोय. कधीकधी एका दुकानात ते मापच नसतं. क्वांटसने २०२१ च्या डिसेंबरात ७३७ ऐवजी एअरबस निवडलं आणि पुढच्या मे महिन्यात २० ए३२१ एक्सएलआर (ए३२० चं लांबट, लांब पल्ल्याचं भावंड) आणि २० ए२२० (त्याहून लहान विमान) पक्की केली. त्याच डिसेंबरात एअर फ्रान्स-केएलएम गटाने केएलएम आणि आपल्या स्वस्त कंपनीच्या, ट्रान्सेव्हियाच्या, डच आणि फ्रेंच अशा दोन्ही शाखांसाठी १०० ए३२० निओ (नव्या इंजिनाचं ए३२०) जातीची विमानं घेतली, तीही जुनी ७३७ काढून. अॅमस्टरडॅमच्या शिफोल विमानतळावर उड्डाणांची संख्या वाढवू देत नाहीत, आवाजावर डोळा आहे, मग त्याच स्लॉटमध्ये, म्हणजे उतरा-उडायच्या ठरलेल्या वेळांत, जास्त माणसं न्यायची तर मोठं विमान हवं. ए३२१ निओ आहे तसं बोईंगकडे मॅक्स १०, त्याचं पहिलं उड्डाण जून २०२१ मध्ये झालं आणि २०२५ संपलं तरी सर्टिफिकेट नव्हतं. मुंबईकरांना हे समजावून सांगायला नको, तिथे दोन रनवे एकमेकांना छेदतात, एका वेळी खरं तर एकच चालतो, तासाला सेहेचाळीसच्या आसपास विमानं उतरतात-उडतात, त्याहून जास्त घुसवता येत नाहीत. तिथेही उत्तर तेच, डबे वाढवा. लोकलवाल्यांनी नऊची बारा केली तसं.

पण गेल्या काही वर्षांत खेळच उलटा झालाय, आणि जुन्या मंडईचा नियम नव्या मंडईत लागू पडत नाही. एअरबसकडे आठ हजारांच्या वर विमानांच्या ऑर्डरी पडून आहेत, आज कोणी नव्याने रांगेत उभं राहिलं तर नंबर या दशकाच्या शेवटी किंवा त्याच्याही पुढे. बोईंगची अवस्था वेगळ्या कारणाने तीच, जानेवारी २०२४ मध्ये अलास्का एअरलाइन्सच्या मॅक्स ९ चं दारासारखं पॅनेल हवेत उडून गेलं, मग अमेरिकन नियामकाने महिन्याला ३८ च्या वर बनवू नका म्हणून लगाम घातला, तो २०२५ च्या ऑक्टोबरात ४२ पर्यंत सैल केला. अशा वेळी तुम्ही "पुढे बघतो" म्हणालात तर भाजीवाला म्हणतो, बघा की, मागे वीस माणसं उभी आहेत. अडला हरी गाढवाचे पाय धरी, तसं आता कंपन्या भावापेक्षा तारीख विचारतात. तुर्कस्तानच्या पेगाससने २०१२ मध्ये बोईंग सोडून एअरबसची मोठी ऑर्डर दिली होती, ताफा बदलत आणला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये तीच कंपनी २०० पर्यंत मॅक्स १० घ्यायला बोईंगकडे परत गेली, पहिली विमानं २०२८ पासून. लुफ्तान्सा तर ७३७ चं अगदी पहिलं गिऱ्हाईक, २०१६ मध्ये तिने शेवटचं ७३७ काढलं आणि २०२३ च्या डिसेंबरात ४० मॅक्सची ऑर्डर दिली. एवढ्या वर्षांत ७३७ अचानक गोड लागायला लागलं असं कोणाला वाटत असेल तर वाटो, मला वाटतं दुसरीकडची रांग बघून आणि एकाच दुकानावर किती अवलंबून राहायचं हे ठरवून घेतलेला निर्णय आहे.

अलास्काची गोष्ट यात अजून एक आहे. तिने २०१६ मध्ये व्हर्जिन अमेरिका विकत घेतली तेव्हा एअरबस वारशात आली, मग शिस्तीत सगळी एअरबस काढून टाकली, २०२३ च्या सप्टेंबरात शेवटचं ए३२१ निओ गेलं, आता आमचा मुख्य ताफा फक्त ७३७. तीनच महिन्यांनी ते पॅनेल उडालं आणि सगळी मॅक्स ९ जमिनीवर. आणि एअरबसवाल्यांनी फार हसू नये, २०२५ च्या नोव्हेंबर अखेरीस सूर्याच्या किरणोत्सर्गामुळे एका संगणकातला डेटा बिघडू शकतो म्हणून जगभरातल्या सहा हजारांच्या आसपास ए३२० घराण्यातल्या विमानांना तातडीने दुरुस्ती सांगितली गेली, भारतातच ती तीनशेच्या वर होती. एका वीकेंडात बहुतेक निस्तरलं म्हणून ठीक, पण एकाच जातीवर पेरलेलं शेत आणि एक कीड, हे विदर्भातल्या कापूसवाल्याला वेगळं सांगावं लागत नाही.

मग आपल्याकडे काय. इंडिगो म्हणजे एकजातीच्या ताफ्याचं देशी देवस्थान. एकही विमान उडवलेलं नसताना २००५ च्या पॅरिस शोमध्ये १०० ए३२० ची ऑर्डर, पहिलं उड्डाण ऑगस्ट २००६, आणि जून २०२३ मध्ये एका दमात ५०० ची ऑर्डर. विमान आलं की ते भाडेकंपनीला विकायचं आणि तेच भाड्याने घ्यायचं, घाऊक ऑर्डरीत मिळालेली सूट लगेच रोख. हे सगळं फार हुशारीचं. पण इंडिगोने एकदा असा पलटा मारला तो लोकांच्या लक्षात राहिला नाही. विमान तेच ठेवलं आणि २०१९ मध्ये इंजिनवाला बदलला, प्रॅट अँड व्हिटनी सोडून सीएफएमला २८० विमानांच्या इंजिनांची ऑर्डर. एअरबसवर दोन कंपन्यांच्या इंजिनांतून निवडता येतं, मॅक्सवर एकाच कंपनीचं. त्याच प्रॅटच्या इंजिनांवर बसलेल्या गो फर्स्टने मे २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा ताफ्यातली निम्मी विमानं इंजिनाअभावी उभी होती. पुढे प्रॅटच्या इंजिनांचे भाग ज्या धातूच्या भुकटीपासून बनतात तिच्यात दोष निघाला आणि इंडिगोचीही सत्तरच्या पुढे विमानं उभी राहिली, पण बाकीच्या इंजिनांवर गाडी चालू राहिली. म्हणजे पर्याय जिवंत ठेवला की तो कधीतरी उपयोगाला येतो, मग तो विमानात ठेवा की इंजिनात.

सरकारचा इतिहास मात्र वेगळाच. इंडियन एअरलाइन्सकडे ७३७ होती, ऐंशीच्या दशकात बोईंग ७५७ कडे गाडी वळली होती आणि १९८५ मध्ये ती ए३२० कडे गेली, जे विमान तोपर्यंत उडालंही नव्हतं. त्या विमानांना चारचाकी बोगी लावून घेतली होती, आपल्याकडच्या कच्च्या रनवेंना वजन पेलावं म्हणून, जगात इतर ए३२० ना पंखाखालच्या प्रत्येक पायाला दोनच चाकं. फेब्रुवारी १९९० मध्ये बंगळूरला अपघात झाला, ९२ लोक गेले, विमानं कित्येक महिने उभी ठेवली, आणि त्याच वर्षी खरेदीबद्दल सीबीआयचा गुन्हाही नोंदवला गेला. पुढे २००५-०६ मध्ये त्याच सरकारच्या दोन कंपन्यांनी, इंडियन एअरलाइन्सने ४३ एअरबस आणि एअर इंडियाने ६८ बोईंग, असा सौदा केला आणि २००७ मध्ये दोघींचं लग्न लावून दिलं. त्या बोईंगच्या सौद्यातून नागपूरला मिहानमध्ये दुरुस्तीचं केंद्र आलं, ते विदर्भाच्या पदरात पडलं हे चांगलंच, पण विमान कोणतं घ्यावं याच्याशी त्याचा काय संबंध हे मला आजवर कोणी पटवून दिलेलं नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये टाटांच्या एअर इंडियाने ४७० विमानांची ऑर्डर दिली, २५० एअरबस आणि २२० बोईंग, तेव्हा फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष व्हिडिओ कॉलवर, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचं निवेदन की आमच्याकडे दहा लाख नोकऱ्यांना आधार मिळेल, ब्रिटनही खूश. आपल्याकडे टीव्हीवर ढोल. ऑर्डर दोघांत वाटली हे धंद्याच्या दृष्टीने मला बरोबरच वाटतं, एवढा मोठा आकडा एका दुकानात एका तारखेला मिळतच नाही आणि त्यातली काही मॅक्स इतरांनी न उचललेली तयार उभी होती, ती लवकर मिळाली. माझा आक्षेप ढोलांवर आहे. विकणारे खूश आहेत ही बातमी विकत घेणाऱ्याच्या घरी सण म्हणून साजरी करायची ही कुठली पद्धत.

आणि विचारायचा प्रश्न कोणी विचारत नाही. बदलायचा खर्च कोणाच्या खिशातून जातो? परदेशात मोठ्या सौद्यात विकणारा पायलटांचं ट्रेनिंग, सिम्युलेटरचे तास, स्पेअर पार्टचं क्रेडिट असं सगळं ताटात वाढतो, तो खर्च सौद्याचाच भाग असतो. आपल्याकडे नव्या पायलटचं टाइप रेटिंग पोरगा आणि त्याचे आईबाप भरतात, कॅडेट स्कीममध्ये पण शेवटी बिल घरीच येतं. मग कंपनीच्या हिशोबात बदलाचा खर्च दिसतो त्याहून कमी दिसतो, कारण त्याचा एक मोठा तुकडा कोथरूडच्या किंवा सांगलीच्या कुठल्या तरी घराच्या गृहकर्जावर चढलेला असतो. ज्याला कंपनी उद्या कोणतं विमान घेणार हे माहीत नाही आणि विचारायचा हक्कही नाही, त्याने वीस लाखांचा डाव लावायचा. कंपन्यांनी खुशाल बदलावं, माझा सगळा लेख त्यांनी बदलायची तयारी ठेवावी याच बाजूचा आहे, पण ज्याच्यासाठी बदलता त्याचं रेटिंग तुम्ही करून द्या, हवा तर चार वर्षांचा बाँड लिहून घ्या, एवढा नियम डीजीसीएला, म्हणजे आपल्याकडच्या विमान वाहतूक नियामकाला, करता येण्यासारखा आहे. साठ टक्क्यांहून जास्त बाजार एका कंपनीकडे आणि उरलेल्यातला मोठा वाटा दुसऱ्या गटाकडे असताना पोरांना "राहू द्या, पुढे बघतो" म्हणायला पुढे गाडीच कुठे आहे.

आत्तेभाव आता ए३२० वर आहे, बरं चाललंय, दुसरं कर्ज फिटायला अजून वेळ आहे. मधे देशात मॅक्स घेणाऱ्या कंपन्या पुन्हा भरती करायला लागल्या तेव्हा तो नुसता हसला. ७३७ ची त्याची जाडजूड मॅन्युअलं अजून आत्याच्या माळ्यावर आहेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत, डांबराच्या गोळ्या टाकून. रद्दीवाला आला की काका ती खाली काढतात आणि आत्या परत वर ठेवायला लावते, लागतील म्हणते.